एकाच मुलीचा वर्ग

आमची नात अमेरिकेत चौथीत शिकते. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने एक चित्र दाखवलं. पांढऱ्या फ्रॉकमधली एक काळी मुलगी, हातात पुस्तक नि पट्टी. पुढे दोन माणसं, मागे दोन. "आजी, ओळख, ही कुठे चाललीये?" मला काही सांगता येईना. "अगं, शाळेत!"

नॉर्मन रॉकवेलचं हे १९६४ सालचं चित्र. मग मी चार दिवस त्या मुलीविषयी वाचत बसले.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनेत बसत नाहीत. पण निकाल लागला म्हणून वर्गाचं दार लगेच उघडत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये त्यासाठी १४ नोव्हेंबर १९६० उजाडावा लागला. आपल्याकडे १४ नोव्हेंबर म्हणजे बालदिन! त्या दिवशी सहा वर्षांची रूबी ब्रिजेस केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात विल्यम फ्रान्झ शाळेत गेली. बाहेर मोठी माणसं तिच्या नावाने ओरडत होती. गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून नेली. पुढे रूबीच्या वडिलांची नोकरीही गेली.

तिला शिकवायला तयार झाल्या एकट्या बार्बरा हेन्री, बॉस्टनहून आलेल्या बाई. वर्षभर एक बाई आणि एक विद्यार्थिनी. पण मला थांबवलं ते पुढच्या गोष्टीने. थोडी गोरी मुलं शाळेत येतच होती, मात्र त्यांना दुसऱ्या खोलीत बसवत. इमारत एक, वर्ग वेगळे. हेन्रीबाईंनी मुख्याध्यापिकेकडे हट्ट धरला, तेव्हा कुठे वर्ष संपता संपता रूबीला त्या मुलांत बसायला मिळालं.

हे वाचलं आणि मला माझी पहिली नोकरी आठवली. १९७५-७६ असेल. हजेरीपटावर सगळी मुलं एकाखाली एक. मधल्या सुट्टीत मात्र वस्तीवरची दोन मुलं ओंजळ धरून उभी राहायची नि दुसरं कुणीतरी माठातलं पाणी वरून ओतायचं. मी रोज बघत होते. नवीन आहोत, गावाशी कशाला वाकडं घ्या, म्हणून गप्प बसले. त्याच वर्गात जोतीरावांचा धडा मात्र अगदी रंगवून शिकवला! त्या जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्यांना दोन्हीकडचं दुःख एकच दिसलं होतं. मला माझ्या वर्गातला माठ दिसत असूनही उठवलं नाही.

कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतो. आतलं काम आपलं, मास्तर-बाईंचं.

नातीने विचारलं, "आजी, तुझ्या वर्गात अशी मुलं होती?" मी म्हटलं, "होती. पण मी हेन्रीबाई नव्हते." ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी तिला माठाची गोष्ट सांगणार आहे, माझ्या गप्प बसण्यासकट.

असो. तुमच्या शाळेत माठ कुठे असायचा, आठवून बघा.