आओशिओ (निळी भरती)

टोकियो उपसागरात उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंत तळाचे प्राणवायुहीन पाणी वर येण्याची घटना. ईशान्येचा वारा चिबा किनाऱ्यालगतचे पृष्ठजल बाहेर लोटतो. त्याची जागा तळचे पाणी घेते. त्यातील हायड्रोजन सल्फाइडपासून गंधकाचे सूक्ष्म कण बनून पाणी दुधाळ निळे-हिरवे दिसते, कुजक्या अंड्यांचा वास सुटतो आणि सानबान्झेच्या उथळ पुळणीतले आसारी शिंपले गुदमरतात. मग वाऱ्याचा अंदाज पूर्वसूचनेला पुरेसा नाही का? नाही, हिवाळ्यात तोच वारा निरुपद्रवी ठरतो, कारण तेव्हा पाणी तळापर्यंत ढवळून प्राणवायू खाली पोहोचलेला असतो. म्हणून वाऱ्याची दिशा, वेग व टिकाव यांच्या जोडीला तळाचा प्राणवायू आणि थरांची घनता सतत मोजलीच पाहिजे. वारा फक्त निमित्त; संकट तळाशी आधीच साठलेले असते.