डोंगरीच्या तुरुंगातील 'हॅम्लेट'

संकटकाळी मनुष्य धर्मग्रंथाकडे वळतो, हे आपण नित्य पाहतो. नाटकासारखी रंजनाची गणली जाणारी वस्तू त्या वेळी कितपत उपयोगी पडावी? १९८४ च्या डिसेंबरात विषारी वायूचा आघात सोसलेल्या भोपाळ नगरीत राहणाऱ्या आम्हांस हा प्रश्न केवळ वाङ्मयीन वाटत नाही. त्याचे एक उत्तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासातच आहे.

१८८२ हे साल 'केसरी'कारांना फार जड गेले. मार्च महिन्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर निवर्तले. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टिळक-आगरकरांनी ज्या पत्रांच्या आधारे टीका केली होती, ती बनावट ठरली आणि जुलैत दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी येथील तुरुंगात काढले. आगरकर तेव्हा अवघे २६ वर्षांचे होते.

या तुरुंगवासात त्यांनी शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' मराठीत आणले. १८८३ मध्ये ते 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले. बुद्धीचा कैवार घेणाऱ्या या पुरुषाने कोठडीत मनोविकारांचा खेळ दाखविणारे नाटक जवळ करावे, हे अर्थपूर्ण आहे. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पित्याच्या पिशाच्चाने सांगितलेली हकीकत हॅम्लेट एकदम प्रमाण मानीत नाही. राजापुढे नाटक करवून तो तिची पारख करतो. बनावट पत्रांवर विसंबल्याचे फळ भोगणाऱ्या संपादकास याहून मार्मिक धडा कोणत्या उपदेशग्रंथाने दिला असता? आणि पारख झाल्यावरही जो कृतीस विलंब लावतो त्याचे काय होते, हेही तेच नाटक सांगते. आगरकरांनी विलंब लावला नाही. सुटकेनंतर ते पुन्हा अध्यापनात व लेखनात गढून गेले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' पत्र काढले.

पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी हॅम्लेटची भूमिका अजरामर केली. तुरुंगात एकाकी मनाने केलेले काम अशा रीतीने हजारो प्रेक्षकांचे झाले.

नाटकाने आगरकरांची शिक्षा एका दिवसानेही घटविली नाही. मात्र आपल्याहून मोठे दुःख शब्दाशब्दाने स्वभाषेत उतरविण्याचे काम त्याने त्यांना दिले. सांत्वन म्हणतात ते बहुधा हेच असावे. म्हणून वर्गात 'हॅम्लेट'चा परिचय करून देताना आम्ही डेन्मार्कच्या राजवाड्यापूर्वी डोंगरीचा तुरुंग सांगतो.