मोगलीचे आजोबा

पोळा जवळ आला, की कुंभाराच्या अंगणात मातीचे बैल वाळत पडतात. ओल्या मातीला चिमटा काढला की शिंग, बोटाने दाबले की वशिंड. ज्याने बैल रोज पाहिला आहे त्यालाच हे साधते. या साध्या कलेशी नाते जुळलेला एक परदेशी कलावंत आपल्या मुंबईत दहा वर्षे राहून गेला, त्याची ही हकीकत.

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तेथून सातपुड्याच्या रांगा धरून पूर्वेकडे जात राहिले, तर शिवनीच्या टेकड्या लागतात. ‘जंगल बुक’मधला मोगली तिथलाच. त्याचा जनक रुड्यार्ड किप्लिंग, हे मुलांनाही ठाऊक असते. पण रुड्यार्डचे वडील, म्हणजे नात्याने मोगलीचे आजोबाच, फारसे कोणाच्या स्मरणात नाहीत.

जॉन लॉकवुड किप्लिंग यांचा जन्म १८३७ सालचा. स्टॅफर्डशायर म्हणजे इंग्लंडचा कुंभारवाडा. तेथील बर्स्लेम गावी एका कारखान्यात ते मातीकाम शिकले. १८६५ साली मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत मूर्तिकामाचे शिक्षक म्हणून ते आले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला रुड्यार्डचा जन्म झाला. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजेच आजच्या महात्मा फुले मंडईच्या, दर्शनी भागावर शेतकऱ्यांची उठावशिल्पे आहेत, ती लॉकवुड यांच्याच कल्पनेतली. १८७५ मध्ये ते लाहोरच्या कलाशाळेचे प्रमुख झाले आणि तेथील संग्रहालयही त्यांच्याकडे आले.

हातांबरोबर त्यांचे कानही जागे होते. बैल, गाढव, माकड, हत्ती, साप यांविषयी लोक काय म्हणतात, कोणत्या म्हणी व कथा सांगतात, हे त्यांनी जमवले. त्यातूनच १८९१ साली भारतातील माणूस आणि पशू यांच्या नात्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९४ साली, ‘जंगल बुक’ प्रसिद्ध झाले आणि त्यातील काही चित्रे पित्याने काढली. १९०१ च्या ‘किम’ कादंबरीसाठी तर त्यांनी चित्रे रेखाटण्याऐवजी उठावाची शिल्पे घडविली. त्यांची छायाचित्रे पुस्तकात छापली गेली. म्हातारपणीही हात मातीकडेच वळला!

त्या ग्रंथात आपल्याला बोचणारी एक गोष्ट आहे. हिंदुस्थानात पशूंवर फार दया केली जाते, ही समजूत लॉकवुड यांनी मान्य केली नाही. ज्या बैलाला पूजायचे, त्याचीच शेपटी पिरगाळून गाडी हाकायची, हे त्यांनी पाहिले होते. ते राज्यकर्त्यांपैकी होते, आणि त्यांच्या लिखाणात कोठे कोठे राज्यकर्त्याचा ताठा डोकावतो, हेही खरे. पण म्हणून बोल खोटा ठरत नाही. लंडनच्या रस्त्यांवरही घोडे काही सुखात नव्हते. परंतु दुसऱ्याच्या अंगणातला कचरा दाखवून आपले अंगण स्वच्छ होत नाही.

लॉकवुड १९११ साली निवर्तले. त्यांच्या म्हणींच्या साठ्यात खरे धन होते ते अनाम गाडीवानांचे, गुराख्यांचे आणि घरोघरच्या आज्यांचे. ते अजून आपल्या घरांत थोडेफार शिल्लक आहे. या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती मुले जमली, की त्यांना एखादी कोल्ह्याची किंवा बैलाची गोष्ट सांगावी आणि थोडी ओली मातीही हाती द्यावी. पाहुणा कलावंत जे आवडीने टिपून गेला, ते घरच्यांनीच का विसरावे?