पंगत एक झाली त्याची गोष्ट



माउली, आम्ही चौथी शिकलेलो. शेती करतो, कीर्तन करतो. दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून कमिटीनं चार ओळी मागितल्या. वीणा कोणाकडं होता, चोपदार कोण होते, ते बाकीच्या मंडळींनी लिहिलंच आहे. आम्ही पंगतीचं लिहितो, कारण ते कुठल्याच वहीत नाही.

दिंडी बांधली तेव्हा आपला मुलूख निजामाचा होता. रेल्वेमुळं लासूर स्टेशनला आडत आली, बाजार आला, शिवनाकाठची माणसं इथं एकत्र येऊ लागली. घरटी पायली-दोन पायली बाजरी गोळा व्हायची, त्यावर वारी व्हायची. पण गावकुसाबाहेरच्या घरांचा शिधा घेत नव्हते. ती माणसं दिंडीच्या मागं चालत. पंगत वेगळी, पाणी वरून ओतायचं. पंढरपुरात आपली मंडळी राउळात जायची अन् ती महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीपाशी थांबायची. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंतीखाली गेले, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीत आणल्या. सहाशे वर्षांनी त्यांची माणसं तिथंच उभी होती.

१९४७ साली साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. वारकऱ्यांतल्याही पुष्कळांचा विरोध होता. तनपुरे महाराजांनी आपल्या मठात जागा दिली. दहाव्या दिवशी बडव्यांनी कबूल केलं आणि विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं. पुढं १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामातून सुटलो. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद कॉलेज काढलं. एवढं सगळं झालं, तरी आपल्या दिंडीची पंगत दोनच राहिली. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

मग ७२ चा दुष्काळ पडला. आम्ही तेव्हा लहान होतो. सगळं गाव खडी फोडायला रस्त्यावर. मजुरी तीच, सुकडी तीच, लाल मिलो तीच. एके दिवशी आमचे दादा उन्हानं चक्कर येऊन पडले. गावकुसाबाहेरच्या एका आजीनं आपल्या मडक्यातलं पाणी पाजलं. दादा शुद्धीवर आले, पाणी कोणाचं ते कळलं, अन् ते गप्प बसले.

पुढच्या आषाढीला पहिल्याच मुक्कामी दादांनी त्या आजीला हाताला धरून आपल्या शेजारी पंगतीत बसवलं. म्हणाले, "हिच्या पाण्यावर जगलो, आता हिच्याजवळ जेवल्यानं बाटतो का?" काही घरं उठून गेली, आपला शिधा बैलगाडीत घालून परत फिरली. धान्य कमी पडलं. दोन मुक्काम एकवेळच जेवण झालं. तिसऱ्या मुक्कामी आजीच्या लेकानं बाजरीचं पोतं आणून टाकलं. त्या घराचा शिधा दिंडीनं घेतला तो तेव्हा पहिल्यांदा. उठून गेलेली घरंही हळूहळू परत आली. आज हिशेबाची वही त्याच आजीच्या नातवाकडं आहे, अन् पैशाचा हिशेब कधी चुकलेला नाही.

एक कबुली देतो. तीस वर्षं आम्ही कीर्तनात चोखोबांचं चरित्र सांगितलं, लोक रडले, पण आपल्याच पंगतीची गोष्ट सांगितली नाही. दुसऱ्या गावात आपल्या दिंडीचं नाव खाली जाईल, हे भय होतं. आता वय झालं, भय गेलं.

अन् एक मागणं. जवळच शिऊरला बहिणाबाईंची समाधी आहे. तुकोबांना गुरू मानणारी ती माउली संतांच्या मांदियाळीत बसली. आपल्या दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बाया निम्म्याहून जास्त, स्वयंपाक त्यांचा, भांडी त्यांची. कमिटीत मात्र एकही नाही. दादांनी एका आजीला हाताला धरलं तेव्हा कोणाची परवानगी मागितली नव्हती. आम्ही मात्र कमिटीत आहोत, म्हणून विचारून करतो. १०१ व्या वर्षाच्या पहिल्या बैठकीत आमची जागा आम्ही सोडतो. तिथं एका माउलीला बसवा.

चुकलंमाकलं पदरात घ्या. रामकृष्णहरी.