अंगावरचे सर्प

सापाविषयी आपल्या लोकांचं धोरण मोठं गमतीचं आहे. घरात निघाला तर काठी, पंचमीला निघाला तर लाह्या, आणि सोन्याचा निघाला तर थेट अंगावर! आमच्या सौ. पाल दिसली तरी खुर्चीवर चढतात. पण सराफाच्या काचेआड नागाची वाकी दिसली की तिथून हलत नाहीत. किंमत ऐकून फुत्कार निघतो तो माझ्या तोंडून.

मी पडलो बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. सोनेतारणाच्या टेबलावर बसणाऱ्याला दागिन्यात सौंदर्य दिसत नाही. वजन, कस आणि कर्ज, एवढंच दिसतं. तरीही हा सरपटणारा प्राणी माणसाच्या दागिन्यांत शिरला कसा, याची खतावणी एकदा उघडून पाहिलीच.

पहिलं खातं इजिप्तचं. तिथल्या राजांच्या कपाळावर फणा काढलेला नाग असे. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला तुतानखामेनची कबर सापडली. त्या राजाच्या सोन्याच्या मुखवट्यावर गिधाड आणि नाग शेजारी शेजारी बसलेले आहेत. हा नाग म्हणजे राजाच्या शत्रूंवर आग ओकणारी वाजेत देवी. थोडक्यात, आमच्या दारातला बंदूकवाला वॉचमन! पुरलेल्या धनावर भुजंग बसवणाऱ्या आपल्या लोकांना हे खातं काही परकं वाटायचं नाही.

दुसरं खातं प्रेमाचं. वर्तुळाला सुरुवात नाही नि शेवट नाही, म्हणून वेटोळं घातलेला साप म्हणजे अखंड प्रेम, असा हिशेब. १८३९ साली व्हिक्टोरिया राणी आणि अल्बर्ट यांचं लग्न ठरलं. मागणी राणीनेच घातली. राणीला मागणी घालायची छाती कुणाची होणार? अल्बर्टने तिला सापाच्या आकाराची, पाचू बसवलेली अंगठी दिली. मग काय, इंग्लंडभर बायकांच्या बोटांवर, मनगटांवर साप चढले. १८६१ साली अल्बर्ट गेला. राणीने पुढे १९०१ साली मरेपर्यंत अंगावरचे काळे कपडे उतरवले नाहीत. खातं बंद झाल्यावरही ३९ वर्षं हप्ते भरणारा ग्राहक मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

तिसऱ्या खात्यापाशी मात्र माझं पेन अडतं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई राखेखाली गेलं. त्या गावाजवळ मोरेजिने इथे २००० साली एका बाईचा सांगाडा सापडला. तिच्या दंडावर सोन्याचा सर्प होता आणि त्याच्या आतल्या बाजूला कोरलं होतं : ‘धन्याकडून आपल्या दासीला.’

आता ही रक्कम लिहायची कुठे? कोणी म्हणतात, प्रेमाची भेट. असेलही. पण आमच्या बँकेत टेबलखुर्च्यांवरही बँकेचं नाव आणि नंबर रंगवलेला असतो. तो काही प्रेमाने नव्हे. रोमन कायद्यात दासी हीच मालकाची मालमत्ता. मग तिच्या दंडावरचं सोनं तरी तिचं कसं? डोंगर आग ओकत असताना ती तो सर्प घालून पळाली, ती माणसाच्या मायेनं की गाठीला तेवढंच होतं म्हणून, ते राखेलाच ठाऊक.

साप तोच. राजाच्या कपाळावर तो पहारा देतो, राणीच्या बोटावर वचन देतो, आणि दासीच्या दंडावर बहुधा दोन्ही करतो. फक्त पहारा कुणावर, एवढाच प्रश्न उरतो.

सोनं तारण घेताना नियमाप्रमाणे मी विचारतो, ‘दागिने तुमचेच ना?’ पुष्कळ बायका ठणकावून ‘हो’ म्हणतात. काहीजणी मात्र उत्तर देण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघतात.

तेवढा वेळ मी तराजूकडे बघत बसतो.