पोटातल्या बाळाची खुशाली



क्लेमेंटीतल्या आपल्या घरांत कुणाला दिवस गेले आणि मधुमेह किंवा रक्तदाबाची तक्रार असली, की शेवटच्या महिन्यांत रुग्णालयाच्या खेपा वाढतात. मदतीला आलेली आई किंवा सासूबाई विचारतात, "आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

१९६६ साली सिंगापूरच्या कांडांग केरबाऊ रुग्णालयात (मलय भाषेत अर्थ 'म्हशींचा गोठा') ३९,८३५ बाळे जन्मली आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. म्हणजे दिवसाला शंभरावर! त्या काळी जगभर बाळाची खुशाली कळे ती मुख्यतः पोटाला नळी लावून ऐकलेल्या ठोक्यांवरून. फ्रेंच डॉक्टर पिनार यांची ही नळी १८९५ च्या सुमाराची. पण ठोके ऐकू आले म्हणजे बाळ जिवंत आहे एवढेच समजे. ते आत खंगत चालले आहे का, हे कळत नसे.

इथे आमचे रसायनशास्त्र मदतीला आले. बाळाच्या अधिवृक्क ग्रंथी, बाळाचे यकृत आणि वार हे तिघे मिळून इस्ट्रिऑल नावाचे संप्रेरक बनवतात. ते आईच्या लघवीत उतरते. १९६० आणि ७० च्या दशकांत जोखमीच्या गरोदरपणात चोवीस तासांची लघवी बाटलीत साठवून ते मोजत. आकडा घसरला की काळजी. पण तो आकडा रोज वरखाली होई, निकालाला वेळ लागे, आणि आईने ॲम्पिसिलिन घेतले तरी तो उतरे. पुढे ही चाचणी मागे पडली.

तिची जागा घेतली ती बाळालाच पाहणाऱ्या साधनांनी. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली ध्वनिलहरींनी पोटातले चित्र दाखवले होते. १९८० साली फ्रँक मॅनिंग व सहकाऱ्यांनी बाळाचे ठोके, हालचाल, श्वासाची हालचाल, स्नायूंचा ताण आणि गर्भजल या पाच गोष्टींना मिळून दहापैकी गुण देण्याची पद्धत मांडली. नाळेतला रक्तप्रवाह पाहणाऱ्या डॉप्लर तपासणीमुळे जोखमीच्या गरोदरपणात बाळांचे मृत्यू कमी होतात, असेही पुढे दिसून आले.

तरीही कोणतीही एक तपासणी पुरी पडत नाही, म्हणून या खेपा. आणि दोन खेपांच्या मधला पहारा आईचाच. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर पुढच्या तारखेची किंवा भारतातल्या फोनची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. १९८५ साली सुरू झालेले केंट रिजचे विद्यापीठ रुग्णालय तर आपल्याला जवळच आहे.