नोकरीच्या दारात : पुण्यातले नवे इंजिनिअर, १८८४ ते २००२

स्मरणिकेच्या 'शाळेनंतर' या विभागासाठी काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा वाटलं होतं, आपल्या १९९५च्या दहावीच्या तुकडीतल्या इंजिनिअरांवर गमतीदार असं काहीतरी लिहावं. आपल्यातले डॉक्टर एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. इंजिनिअर मोजायला दोन्ही हात पुरत नाहीत. पण गेल्या काही महिन्यांत आपल्यातल्या दोघीतिघींच्या मुलांच्या हातात पदवी आली आहे, ऑफर लेटरही आलं आहे, फक्त रुजू होण्याची तारीख आलेली नाही. ग्रुपवर त्याची चर्चा झाली तेव्हा बहुतेकांनी त्या मुलांना 'स्किल वाढव' असा सल्ला दिला. तो वाचून मला जरा राग आला. पहिल्या नोकरीची गोष्ट आपण प्रत्येक जण स्वतःच्या हुशारीची म्हणून सांगतो, फार तर नशिबाची. आपण पास झालो त्या वर्षी गावात कुठलं दार उघडं होतं आणि ते कुणी उघडलं होतं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा थोडा इतिहास. पुण्याचाच, कारण आपल्याला तोच जवळचा.

पुण्यात इंजिनिअर तयार करण्याची सुरुवात १८५४ साली झाली. तेव्हा त्या संस्थेचं नाव होतं 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल'. रस्ते, पूल, कालवे, इमारती बांधणाऱ्या सरकारी खात्याला हाताखालची शिकलेली माणसं हवी होती, म्हणून हा वर्ग निघाला. म्हणजे आधी नोकरी होती आणि तिच्यासाठी शिक्षण काढलं गेलं. संगमाजवळच्या ज्या दगडी इमारतीवरून आपण लहानपणी पीएमटीच्या बसमधून जायचो, तिची कोनशिला मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी १८६५ साली बसवली. पुढे हे 'कॉलेज ऑफ सायन्स' झालं आणि १९११ मध्ये 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना'. आपण त्याला सीओईपी म्हणतो.

याच कॉलेजात म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन एक मुलगा आला होता, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. बंगळूरला बी.ए. झालेला, घरची परिस्थिती बेताची. १८८३ साली एल.सी.ई.च्या परीक्षेत तो मुंबई इलाख्यात पहिला आला आणि १८८४ मध्ये इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून त्याची नेमणूक झाली. पहिली नेमणूक नाशिककडे, आणि लगेच खानदेशात धुळ्याजवळ पांझरा नदीच्या पात्राखालून पाणी नेणारा नळांचा सायफन बांधण्याचं काम. ऐन पावसाळ्यात हे काम पुढे ढकलावं, असं या नव्या साहेबाने वर कळवलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही. मग काम हाती घेऊन त्यांनी ते पुरं करून दाखवलं. पहिल्याच प्रोजेक्टवर 'डेडलाइन अशक्य आहे' असं मॅनेजरला लिहिणारे आणि मग रात्री जागून ते करणारे आपल्यात किती आहेत, त्यांनी हात वर करावेत.

विश्वेश्वरय्या मोठेच होते. पुढे खडकवासल्याच्या धरणावर बसवलेले त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे असोत की म्हैसूरचं दिवाणपद, त्याबद्दल आपण भाषणांतून पुष्कळ ऐकलंय. मला वेगळंच दिसतं. तेव्हा पहिल्या नंबरामागे सरकारी जागा उभी होती. गुणवत्ता आणि नोकरी यांच्यामध्ये कुणी नव्हतं. अर्थात हे भाग्य फार थोड्यांचं, आणि त्या थोड्यांमध्ये बाई असण्याचा प्रश्नच नव्हता.

यानंतरची साठ-सत्तर वर्षं मी भरभर ओलांडते, कारण सरकारी खातं हाच मोठा मालक राहिला. चित्र बदललं ते स्वातंत्र्याच्या आगेमागे. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात उभी राहिली. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि साठच्या दशकात सुमंत मुळगावकरांच्या देखरेखीखाली टेल्कोचा पुण्यातला कारखाना उभा राहू लागला. पिंपरी-चिंचवड, भोसरी, आकुर्डी ही खेडी भोंग्यावर उठू लागली. आपल्यापैकी कितीतरी जणांचे बाबा सकाळी सव्वासहाला हातात डबा घेऊन कंपनीच्या बसच्या थांब्यावर उभे असायचे, माझेही. त्या पिढीत दिशा ठरलेली होती : डिप्लोमा किंवा डिग्री, मग अप्रेंटिस, मग ट्रेनी, मग कन्फर्मेशनचं पत्र आणि पेढे. अप्रेंटिस कायदा १९६१चा. पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअर त्यात आले १९७३च्या दुरुस्तीने. त्यामुळे नव्या पदवीधराला कारखान्यात पाय ठेवायला निदान एक कायदेशीर उंबरा मिळाला. स्टायपेंड बेताचाच, पण मशीनला हात लावायला मिळायचा.

मात्र हा उंबरा मुलांसाठी होता. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ६६व्या कलमानुसार स्त्रियांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात कारखान्यात कामावर ठेवता येत नव्हतं. हेतू संरक्षणाचा असेल. पण ज्या कारखान्यात तिन्ही पाळ्या फिरून शिकायचं, तिथे एकच पाळी करणारी ट्रेनी घेऊन काय करायचं, हा प्रश्न विचारायला मालकाला आयतं कारण मिळालं. महाराष्ट्राने सुरक्षेच्या अटी घालून ही बंदी सैल केली ती २०१५ मध्ये.

या पार्श्वभूमीवर १९७४ची ती पोस्टकार्डाची गोष्ट वाचावी. ती सुधा मूर्तींनी स्वतः लिहिली असल्याने अनेकांना पाठ आहे, पण आपण ती बहुधा धिटाईची गोष्ट म्हणून वाचतो. हुबळीहून बी.ई. झालेली सुधा कुलकर्णी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एम.ई. करत होती. तिथल्या सूचनाफलकावर टेल्कोची जाहिरात लागली, आणि तळाशी ओळ होती, की स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत. तिने चिडून थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. काही दिवसांत तार आली : मुलाखतीला पुण्याला या, खर्च कंपनीचा. तिने मुलाखत दिली, टेल्कोत निवड झाली आणि ती पुण्यात नोकरीला लागली.

मला या गोष्टीत दोन गोष्टी खटकतात, तिच्या नव्हे, आपल्या सांगण्यातल्या. एक म्हणजे ती पदव्युत्तर पदवीच्या दारात होती, तीही देशातल्या सर्वोत्तम संस्थेत, आणि तरीही तिला अर्ज करण्याच्या परवानगीसाठी पोस्टकार्ड लिहावं लागलं. विश्वेश्वरय्यांना गुण पुरले होते. नव्वद वर्षांनी तिला गुण पुरले नाहीत. दुसरं असं, की दार उघडलं ते अगदी वरच्या माणसाच्या एका शब्दावर. ते पोस्टकार्ड टपालात गहाळ झालं असतं तर? किंवा वाचणारा दुसरा कुणी असता तर? त्या वर्षी ती जाहिरात वाचून गप्प बसलेल्या मुलींची गोष्ट कुणी लिहिलेली नाही.

मुलींसाठी दार मोठ्या प्रमाणावर उघडलं ते वेगळ्याच बाजूने. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी पुण्यात एमआयटी, व्हीआयटी, पीआयसीटी सुरू झाली. तेव्हा या धोरणावर पुष्कळ टीका झाली, त्यातली बरीच रास्त होती. पण जागा वाढल्या. १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने कर्वेनगरला फक्त मुलींचं कमिन्स कॉलेज काढलं. दुसरीकडे १९८१ मध्ये इन्फोसिस पुण्यात जन्मली (आणि दोन वर्षांत बंगळूरला गेली, याची हळहळ पुणेकर अजून करतात), १९८८ मध्ये सी-डॅक आलं, १९९१ मध्ये तिथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला. १९९० मध्ये पुण्याला सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क मिळालं. आपण नववी-दहावीत असताना हे सगळं आपल्याभोवती चाललं होतं, आणि आपल्याला फक्त शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं एवढंच ठाऊक होतं.

सॉफ्टवेअर कंपन्यांनी मुली घेतल्या त्यात उदारपणा किती आणि गरज किती, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : गरज जास्त. वायटूकेच्या आधी माणसं कमी पडत होती. मेकॅनिकल, सिव्हिल, इन्स्ट्रुमेंटेशन, कुणीही चालत होतं, मग मुलगी का नको? पण गरजेनं उघडलेलं दारही दारच असतं. अडचण इतकीच, की गरज संपली की ते लागतं.

ते लागलं आमच्या तोंडावर. मी २००१ साली पुणे विद्यापीठाची बी.ई. झाले. शेवटच्या वर्षी कॅम्पसमध्ये एका कंपनीने निवडलं होतं, आईने सोसायटीत पेढे वाटले होते. अमेरिकेतला डॉटकॉमचा फुगा फुटल्याचं आम्ही पेपरात वाचत होतो, पण ते पान आपल्याबद्दल आहे असं वाटलं नव्हतं. जुलैची तारीख सप्टेंबरवर गेली, ११ सप्टेंबरनंतर 'अपरिहार्य कारणांमुळे पुढील सूचनेपर्यंत' झाली. फोन केला की तीच बाई तेच वाक्य म्हणायची. रद्द केलं असतं तर दुसरीकडे मन लावता आलं असतं. मी सी-डॅकचा सहा महिन्यांचा डीएसी केला. तिथे निम्मा वर्ग माझ्यासारखाच हातात पत्र घेऊन बसलेला. आमच्यात हुशार कोण आणि कच्चं कोण, याचा त्या पत्रांच्या तारखांशी काही संबंध नव्हता. आमच्या आदल्या वर्षीचे, आमच्यापेक्षा कमी मार्कांचे, तोवर न्यू जर्सीला पोहोचले होते. ग्रुपवरचा तो सल्ला वाचून राग आला तो यामुळे.

एप्रिल २००२ मध्ये आठ माणसांच्या एका छोट्या कंपनीत साडेचार हजारांवर लागले. काम होतं भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर्सचं सॉफ्टवेअर बसवण्याचं. बिनकार्डं, जीआरएन, इश्यू स्लिपा, सगळं कागदावरून कॉम्प्युटरवर आणायचं. स्टोअरकीपर काका आधी 'मॅडम' म्हणायचे, नंतर 'ताई' म्हणू लागले, आणि कुठला बोल्ट कुठल्या नावाने तीन ठिकाणी नोंदला आहे हे त्यांनी शिकवलं ते कुठल्याही कोर्समध्ये नव्हतं. फक्त त्या पूर्ण शेडमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. ऑफिसच्या इमारतीत पाहुण्यांचं होतं, त्याची किल्ली गेटवरच्या वॉचमनकडे, आणि किल्ली घेताना रजिस्टरमध्ये नाव आणि वेळ लिहावी लागे. पोस्टकार्डाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. मी कारखान्याच्या मॅनेजरांना सांगितलं, तर ते खरोखर ओशाळले; म्हणाले, "इथे कधी लेडीज स्टाफ आलाच नाही हो." दुसऱ्या दिवशी रजिस्टर बंद झालं आणि किल्लीची एक प्रत मला मिळाली.

ऑक्टोबरात त्या कॅम्पसवाल्या कंपनीचं पत्र आलं : येत्या सोमवारी रुजू व्हा. मी फोन करून पंधरा दिवस मागितले. पलीकडे तीच बाई होती. तिला पहिल्यांदाच काही वेगळं बोलावं लागलं. थांबून म्हणाली, विचारून सांगते. मुदत मिळाली. काकांबरोबर बिनकार्डांचा शेवटचा गठ्ठा भरून झाला, किल्ली त्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि पुढच्या सोमवारी सकाळी सव्वासातला हिंजवडीच्या बसच्या रांगेत उभी राहिले.